सॉर्प्शन हीट पंप वॉटर हीटरची कार्यक्षमता कशी मोजावी: ठाणे-नवी मुंबईच्या हवेत करायची चाचणी

हॉस्टेल, हॉटेल, रुग्णालय किंवा मोठी सोसायटी यांच्यासाठी गरम पाण्याची यंत्रणा निवडायची वेळ आली की गॅसवर चालणाऱ्या सॉर्प्शन हीट पंपाच्या माहितीपत्रकावर एक आकडा ठळक छापलेला दिसतो: सीओपी (दिलेल्या ऊर्जेच्या किती पट उष्णता पाण्याला मिळाली तो आकडा) १.५, किंवा कार्यक्षमता १५० टक्के. हा आकडा खोटा असेलच असं नाही. पण तो कोणत्या हवेत, किती गार पाणी आत घेऊन आणि गॅसची ऊर्जा कोणत्या हिशेबाने धरून काढला, हे कळल्याशिवाय त्याच्या भरवशावर पैसे टाकता येत नाहीत. आपल्याकडे नळाचं पाणीच २५ ते ३० अंशांचं येतं आणि पावसाळ्यात हवा ओलीचिंब असते. त्यामुळे यंत्र इथे, इथल्या पाण्यावर आणि इथल्या हवेत तपासणं मला फार गरजेचं वाटतं. नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यात किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये नव्याने कामाला लागलेल्या तंत्रज्ञांनी आणि इमारतींची देखभाल पाहणाऱ्यांनी ही चाचणी स्वतः करावी, म्हणून ही पद्धत सविस्तर लिहितो आहे.

यंत्र आधी समजून घ्या

साध्या गॅस गिझरमध्ये ज्वाळेची उष्णता थेट पाण्याला मिळते, म्हणून जळलेल्या गॅसमध्ये होती त्यापेक्षा जास्त उष्णता पाण्यात कधीच उतरत नाही. सॉर्प्शन, म्हणजे वाफ शोषून काम करणाऱ्या, हीट पंपात ज्वाळ एखाद्या द्रावणाला किंवा सच्छिद्र पदार्थाला तापवते. त्यातून शीतकाची (उष्णता वाहून नेणाऱ्या पदार्थाची) वाफ सुटते आणि तिचा द्रव होताना ती पाण्याला उष्णता देते. मग तो द्रव कमी दाबाखाली बाष्पीभवकात उकळतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता बाहेरच्या हवेतून उचलतो. शेवटी ती वाफ पुन्हा शोषली जाते आणि त्या वेळी सुटणारी उष्णताही पाण्यातच जाते. विजेच्या हीट पंपात जे काम कॉम्प्रेसर करतो, ते इथे गॅसची आच करते. हवेतून उचललेली उष्णता गॅसच्या उष्णतेत मिळवली जाते, म्हणून उत्तर १ च्या वर जातं.

तपासणाऱ्याने दोन जाती नीट ओळखायला हव्यात. पहिली अवशोषणाची: अमोनिया आणि पाणी, किंवा पाणी आणि लिथियम ब्रोमाइड. अमोनिया-पाण्याचं यंत्र फ्रान्सच्या फर्दिनां कारे यांनी १८५९ च्या सुमारास बनवलं. लिथियम ब्रोमाइडची मोठी यंत्रं पुण्याची थरमॅक्स कंपनी बनवते. या जातीत द्रावण सतत फिरत राहतं, त्यामुळे एकदा स्थिरावलं की यंत्र एकसारखी उष्णता देतं. दुसरी जात अधिशोषणाची: सिलिका जेल किंवा झिओलाइटसारख्या घन पदार्थाच्या थरांवर पाण्याची वाफ चिकटते आणि तापवल्यावर सुटते. इथे बहुधा दोन थर आळीपाळीने काम करतात, म्हणून यंत्रातून निघणारं पाणी कधी जास्त तापतं, कधी कमी. या दुसऱ्या जातीची कार्यक्षमता दहा मिनिटांचं वाचन घेऊन काढायला गेलात, तर त्या वेळी चक्र कुठे होतं त्यावर उत्तर ठरेल.

तिसरा एक प्रकारही आहे, अर्धखुला. त्यात हवेतलीच वाफ थेट द्रावणात शोषली जाते. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने आणि फ्लोरिडा विद्यापीठाने त्यावर काम केलं आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत असं यंत्र कसं वागेल, हे पाहण्याची मला स्वतःला फार उत्सुकता आहे.

सुरक्षितता आधी

अमोनियाचं यंत्र असेल तर चाचणी उघड्या किंवा खेळती हवा असलेल्या जागीच करा. ३०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग) अमोनिया ही पातळी अमेरिकेची कामगार-आरोग्य संस्था जिवाला तत्काळ धोक्याची मानते. वास त्याच्या कितीतरी आधी येतो, आणि तो आल्यावर काम थांबवून बाहेर पडायचं असतं. बंद शीतक-मंडलात स्वतःचा गेज बसवण्याचा मोह टाळा. कार्यक्षमता काढण्यासाठी त्याची गरजच नसते. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म जवळ ठेवा. पीएनजीची (पाइपने येणाऱ्या गॅसची) जोडणी गॅस कंपनीच्या अधिकृत प्लंबरकडूनच करून घ्या.

पायरी १: काय मोजायचं ते लिहून काढा

वहीच्या पहिल्या पानावर चार गोष्टी लिहा: आत येणाऱ्या पाण्याचं तापमान, बाहेर हवं असलेलं तापमान, हवेचं तापमान आणि आर्द्रता, आणि हिशेबात वीज धरणार की नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या पद्धतीत घरगुती वॉटर हीटर तपासताना आत येणारं पाणी १४.४ अंशांचं, ठरवलेलं तापमान ५१.७ अंश आणि हवा १९.७ अंशांची धरतात. त्यांचं यंत्र पाणी ३७ अंशांनी चढवतं. आपल्याकडे २७ अंशांचं पाणी ५५ वर न्यायचं म्हणजे २८ च अंशांचा चढ. म्हणून तिथला आकडा इथे जसाच्या तसा लागू होत नाही. रुग्णालयासाठी तपासत असाल तर लेजिओनेला जंतूंच्या भीतीने टाकीत पाणी ६० अंशांवर ठेवतात, तेव्हा चाचणीही ६० वरच करा. तापमान वर नेलं की या यंत्रांची कार्यक्षमता उतरते, कारण शीतकाला जास्त गरम जागी उष्णता सोडावी लागते.

पायरी २: गॅस नीट मोजा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पाण्याच्या बाजूची चूक सहसा एक-दोन टक्क्यांत राहते, पण गॅसच्या बाजूला दुर्लक्ष झालं तर दहा-पंधरा टक्के सहज इकडेतिकडे होतात आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

घरगुती जोडणीवर चाचणी असेल तर आधी स्वयंपाकघर वेगळं करा. फ्लॅटमध्ये एकाच मीटरवर शेगडीही असते. चाचणी चालू असताना कुणी चहा टाकला तर तो गॅसही यंत्राच्या नावावर चढतो. यंत्रासाठी स्वतंत्र मीटर लावा, किंवा शेगडीचा कॉक बंद करून तसा कागद चिकटवा. यंत्र बंद ठेवून पंधरा मिनिटं मीटर हलतो का तेही पाहा.

मीटर घनमीटर दाखवतो, पण ते त्या क्षणीच्या दाबाचे आणि तापमानाचे घनमीटर असतात. गॅसचं उष्मांक मूल्य मात्र १५ अंश सेल्सिअस आणि १०१३.२५ मिलिबार या प्रमाण स्थितीतल्या घनमीटरला सांगतात. समजा जुलैचा दिवस आहे. हवेचा दाब १००३ मिलिबार, नळीतला गॅस त्याहून २१ मिलिबार जास्त दाबाचा, आणि गॅसचं तापमान ३२ अंश. तर दुरुस्तीचा गुणक असा निघतो: (१००३ + २१) भागिले १०१३.२५, गुणिले २८८.१५ भागिले ३०५.१५. उत्तर ०.९५४. म्हणजे मीटरने १ घनमीटर दाखवला तर प्रत्यक्षात ०.९५४ प्रमाण घनमीटरच जळला. ही दुरुस्ती विसरली तर यंत्र आहे त्यापेक्षा साडेचार टक्क्यांनी वाईट दिसतं.

पुढचा प्रश्न उष्मांक मूल्याचा. ठाणे आणि नवी मुंबईत पीएनजी महानगर गॅसकडून येतो. त्यातला मुख्य घटक मिथेन, पण इतर वायूंच्या प्रमाणाप्रमाणे मूल्य थोडं बदलतं. म्हणून चाचणीच्या काळातलं मूल्य कंपनीकडून लेखी मागून घ्या आणि ते ग्रॉस आहे की नेट हेही विचारा. ज्वलनात तयार झालेल्या वाफेचं पाणी झाल्यावर मिळणारी उष्णता ग्रॉसमध्ये धरलेली असते, नेटमध्ये नसते. शुद्ध मिथेनसाठी प्रमाण घनमीटरला ग्रॉस सुमारे ३७.७ मेगाज्यूल आणि नेट सुमारे ३४ मेगाज्यूल, म्हणजे जवळपास ११ टक्क्यांचा फरक. ७० किलोवॅटपर्यंतच्या गॅसवरच्या सॉर्प्शन यंत्रांसाठी युरोपात ईएन १२३०९ हे मानक आहे, आणि त्यात कार्यक्षमता नेटवर काढतात. अमेरिकेत ती ग्रॉसवर काढतात. दोन देशांची दोन माहितीपत्रकं शेजारी ठेवून तुलना करताना हे पाहिलं नाही, तर वाईट यंत्र चांगलं ठरू शकतं.

सिलिंडरवर चाचणी असेल तर काम सोपं होतं. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा आणि चाचणीच्या आधी व नंतर वजन करा. दाब-तापमानाची कटकट राहत नाही. फक्त काटा पाच-दहा ग्रॅमपर्यंत नीट दाखवणारा हवा, आणि होजचा ताण काट्यावर येता कामा नये.

पायरी ३: पाण्याचं वजन आणि दोन तापमानं

बाहेर आलेलं गरम पाणी २०० लिटरच्या ड्रममध्ये घेऊन प्लॅटफॉर्म काट्यावर तोलणं ही मला सर्वांत खात्रीची पद्धत वाटते. फ्लो मीटर वापरायचाच तर तो गार बाजूला लावा. ५५ अंशांच्या एक लिटर पाण्याचं वजन सुमारे ९८६ ग्रॅम भरतं. गरम बाजूच्या मीटरवर एक लिटर म्हणजे एक किलो धरलं तर सुमारे दीड टक्का उगाच यंत्राच्या पदरात पडतो.

तापमानासाठी पीटी-१०० (प्लॅटिनमचे) सेन्सर वापरा आणि दोघांची जोडी जुळवून घ्या. आधी दोन्ही एकाच बर्फाच्या पाण्यात, मग दोन्ही एकाच कोमट बादलीत ठेवा आणि वाचनातला फरक लिहा. चढ २८ अंशांचाच असताना जोडीत अर्ध्या अंशाचा फरक राहिला तर उत्तर १.८ टक्क्यांनी चुकतं. सेन्सर पाइपच्या बाहेर टेपने चिकटवू नका. तो पाण्याच्या धारेत बुडालेला हवा आणि यंत्राच्या तोंडाजवळ हवा.

आत येणाऱ्या पाण्याचं तापमान चाचणीभर एकसारखं हवं, आणि आपल्या इमारतींत इथेच घोळ होतो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सकाळी गार असतं आणि दुपारी तीनला उन्हाने हातालाही गरम लागतं. शक्य असेल तर जमिनीखालच्या टाकीतून छोट्या पंपाने पाणी घ्या. नसेल तर चाचणी पहाटे करा.

पायरी ४: जागा, हवा आणि वीज

बाष्पीभवकातून निघणारी गार हवा पुन्हा त्याच्याच तोंडात शिरत नाही ना, हे अगरबत्तीच्या धुराने पाहा. हवेचं कोरडं आणि ओल्या बल्बचं तापमान दर पाच मिनिटांनी नोंदवा, त्यांच्या फरकावरून आर्द्रता कळते. पंखा, पंप आणि कंट्रोलर यांची वीज वेगळ्या सिंगल फेज मीटरवर मोजा. मध्येच वीज गेली तर ती चाचणी रद्द धरा. तुकडे जोडून सरासरी काढू नका, कारण यंत्र पुन्हा तापायला गेलेला गॅस कुठेतरी लपून राहतो.

पायरी ५: प्रत्यक्ष चाचणी

आधी यंत्र स्थिरावू द्या. अवशोषण यंत्रात बाहेरच्या पाण्याचं तापमान आणि गॅसचा वेग अर्धा तास तरी हललेला दिसता कामा नये. अधिशोषण यंत्रात लागोपाठ दोन चक्रांचा आलेख एकावर एक बसला पाहिजे. मग नोंद सुरू करा. अधिशोषण यंत्रात नोंदीची सुरुवात आणि शेवट चक्राच्या एकाच बिंदूवर करा, आणि अर्धवट चक्र हिशेबात घेऊ नका.

टाकी असलेल्या यंत्रात आणखी एक काळजी घ्यावी लागते. टाकीच्या आत वेगवेगळ्या उंचीवर पाच-सहा सेन्सर लावा आणि सुरुवातीची व शेवटची सरासरी काढा. २०० लिटरची टाकी चाचणीअखेर सुरुवातीपेक्षा २ अंशांनी गार राहिली, तर सुमारे १,६७० किलोज्यूल उष्णता आधीच्या साठ्यातून निघाली. ती यंत्राने दिली असं धरलं तर उत्तर कित्येक टक्क्यांनी फुगतं. ही उष्णता वजा करायची. टाकी जास्त गरम राहिली असेल तर मिळवायची.

ही झाली स्थिर चाचणी. घरात किंवा हॉस्टेलात यंत्र असं सलग चालत नाही, म्हणून दुसरी चाचणी २४ तासांची करा. अमेरिकी पद्धतीत दिवसाला ३८, १४४, २०८ आणि ३१८ लिटर असे वापराचे चार ठराविक नमुने आहेत आणि पाणी ठरलेल्या वेळी टप्प्याटप्प्याने काढतात. आपण आपला नमुना बनवावा. लोकल गाठणाऱ्या घरांत पहाटे साडेपाच ते आठ या वेळेत लागोपाठ अंघोळी होतात, बहुतेक बादलीने. दुपारी थोडी भांडी आणि रात्री पुन्हा एक-दोन अंघोळी. हॉस्टेल असेल तर आठवडाभर वॉचमनकडून पाण्याच्या वेळा लिहून घ्या आणि त्याच वेळांना तेवढंच पाणी सोडा. २४ तासांचा आकडा स्थिर चाचणीपेक्षा खाली येतो, कारण यंत्र तापायला आणि टाकीतून झिरपणाऱ्या उष्णतेची भरपाई करायलाही गॅस लागतो. बिल या आकड्यावर येतं, म्हणून खरेदीसाठी मी हाच आकडा वापरेन.

टाकीची झिरपणारी उष्णता वेगळी काढायची असेल तर रात्रभर बर्नर आणि नळ बंद ठेवून सरासरी तापमान किती उतरलं ते पाहा. विजेच्या साठवण गिझरसाठीच्या आयएस २०८२ या मानकात ही हानी ४५ अंशांच्या फरकाला धरून सांगतात. आपल्या उबदार हवेत मोजलेली हानी त्या प्रमाणात वाढवून मगच तुलना करा.

पायरी ६: हिशेब

समजा २०० किलो पाणी २७ वरून ५५ अंशांवर गेलं. उष्णता = २०० × ४.१८ × २८ = २३,४०८ किलोज्यूल, म्हणजे २३.४ मेगाज्यूल. गॅस, दुरुस्तीनंतर, ०.४५ प्रमाण घनमीटर. वीज ०.२ युनिट, म्हणजे ०.७२ मेगाज्यूल. उष्मांक मूल्य शुद्ध मिथेनचं धरू.

ग्रॉसवर: २३.४ भागिले १६.९७ = १.३८.
नेटवर: २३.४ भागिले १५.३ = १.५३.
ग्रॉस अधिक वीज धरून: २३.४ भागिले १७.६९ = १.३२.

एकाच यंत्राची, एकाच सकाळची ही तीन उत्तरं आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत. अहवालात तिन्ही द्या आणि प्रत्येकापुढे ते कशावर काढलं ते लिहा. वीज आणि गॅस एकाच तराजूत घालणं मला पुरेसं वाटत नाही, म्हणून विजेचे युनिट वेगळेही दाखवावेत. ईएन १२३०९ मध्येही गॅसची कार्यक्षमता आणि साहाय्यक विजेचा गुणांक वेगवेगळे देतात.

अनिश्चितताही काढा. तापमानाच्या फरकात ०.७ टक्के, वजनात ०.३, गॅस मीटरमध्ये १.५ आणि उष्मांक मूल्यात १ टक्का धरला, तर चारांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ सुमारे २ टक्के येतं. म्हणजे १.३८ हा आकडा १.३५ ते १.४१ असा वाचायचा. १.३८ आणि १.४० च्या यंत्रांत या चाचणीने भेद करता येणार नाही, हे ग्राहकाला स्पष्ट सांगा.

पायरी ७: ताळा जमतो का

नवखे लोक ही पायरी सोडतात, पण मी तिच्याशिवाय कोणाचाही अहवाल स्वीकारणार नाही. पाण्यात गेलेली उष्णता, धुराड्यातून गेलेली आणि यंत्राच्या अंगातून झिरपलेली यांची बेरीज करा. त्यातून गॅस आणि वीज वजा करा. उरते ती हवेतून आलेली उष्णता. वरच्या उदाहरणात धुराड्यातून २.५५ आणि अंगातून ०.९ मेगाज्यूल गेली असं धरलं, तर हवेतून सुमारे ९.२ मेगाज्यूल यायला हवी.

ती खरंच आली का? बाष्पीभवकाच्या हवेचा वेग आणि आत-बाहेरची तापमानं मोजून अंदाज काढता येतो, पण त्यात चूक बरीच राहते. पावसाळ्यात आपल्याला एक चांगला साक्षीदार मिळतो. दमट हवेतली वाफ गार बाष्पीभवकावर द्रव होऊन ट्रेमध्ये ठिबकते. ते पाणी बाटलीत गोळा करून तोला. प्रत्येक किलोमागे सुमारे २,४५० किलोज्यूल उष्णता यंत्राने हवेतून उचललेली असते. दीड किलो जमलं तर सुमारे ३.७ मेगाज्यूल इथेच सापडले. बाकीचे हवेच्या गारव्यात शोधायचे. धुराड्यातून ठिबकणारं पाणी मात्र वेगळ्या बाटलीत धरा. एक घनमीटर मिथेन जळला की दीड किलोच्या आसपास पाणी तयार होतं. त्यातलं किती द्रव झालं यावरून ग्रॉस उष्णतेचा किती भाग हाती लागला ते कळतं. दोन्ही नळ्या एकाच बादलीत सोडल्या तर दोन्ही माहिती जातात.

बाष्पीभवकावर प्रत्यक्ष मोजलेली, हवेतून आलेली उष्णता शून्याच्या जवळ निघाली आणि तरीही सीओपी १.४ दिसत असेल, तर गॅसचा हिशेब पुन्हा उघडा. ग्रॉसच्या जागी नेट आलं आहे का ते आधी पाहा, कारण त्याने आकडा फुगतो.

अहवालात काय काय हवं

कच्च्या नोंदी जोडा, फक्त सरासऱ्या देऊ नका. प्रत्येक मीटरच्या कॅलिब्रेशनची तारीख आणि ते एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत झालं का ते लिहा. पाणी कुठून घेतलं तेही लिहा. बोअरवेल किंवा टँकरचं कठीण पाणी असेल तर पाण्याला उष्णता देणाऱ्या एक्स्चेंजरमध्ये थर बसून कार्यक्षमता उतरत जाते, म्हणून अशा ठिकाणी वर्षभराने चाचणी पुन्हा करायची हे तिथेच नोंदवा.

जमलं तर तीन ऋतूंत मोजा: मेच्या उकाड्यात, जुलैच्या पावसात आणि जानेवारीच्या पहाटे, जेव्हा ठाण्यात पारा १७-१८ अंशांपर्यंत उतरतो आणि नळाचं पाणीही वर्षातलं सर्वांत गार असतं. एकच चाचणी करण्याइतका पैसा असेल तर ती जानेवारीत करा. गरम पाण्याची मागणी तेव्हा सर्वांत जास्त असते आणि यंत्राला उचलायला हवेत उष्णता सर्वांत कमी.